गोपनीय शाखेचे देवरे हवालदार

आमच्या भागातल्या पोलीस ठाण्याचा टाइपरायटर मी दुकान टाकलं तेव्हा बिघडलेला होता आणि मी दुकान बंद केलं तेव्हाही दुरुस्त झालेला नव्हता. त्या बिघाडावर बरीच वर्षं माझ्या घरचं चहापाणी आणि मुलाच्या शाळेची फी निघाली, त्यामुळे माझी काही तक्रार नाही. ठाण्याचं नाव मी लिहीत नाही. नाशिकला गोदावरीच्या अलीकडे-पलीकडे जी ठाणी आहेत त्यांतलं एक, एवढं पुरे. रस्ता ओलांडला की माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान.

ठाण्यातून जो माणूस दिवसाआड माझ्याकडे यायचा तो गोपनीय शाखेचा हवालदार. शाखा म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि देवरे. कोणाला सरकारी नोकरी लागली, कोणी पासपोर्ट काढायला टाकला, की त्या माणसाच्या चारित्र्य पडताळणीचा कागद या टेबलावर येई. देवरे त्या माणसाच्या घरी जाऊन चौकशी करत, ठाण्याची रजिस्टरं चाळत आणि अहवाल लिहीत. अहवाल अत्यंत गोपनीय. तो रस्त्यापलीकडच्या खासगी दुकानात, टायपिंग शिकणाऱ्या चार मुलींच्या देखत टाइप होई, यात ठाण्यातल्या कोणालाच काही वावगं वाटत नसे.

देवऱ्यांना मात्र वाटे. ते बाकीच्यांकडे पाठ करून काउंटरला चिकटून उभे राहत, म्हणजे मागच्या गिऱ्हाइकाला कागद दिसू नये, आणि कानाशी कुजबुजत मजकूर सांगत. माझं यंत्र एवढा खडखडाट करायचं की कुजबूज ऐकू येत नसे. मग मी "काय?" म्हणून ओरडे आणि ते वैतागून सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगत. काम झालं की वापरलेला कार्बन पेपर मागून घेत, कारण उजेडात धरला तर तो वाचता येतो. घडी करून खिशात घालत आणि जाताना ठाण्याच्या बंबात टाकत. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मूळ सटाण्याकडचे. घरचं कोणी भेटायला आलं की दारातच "काय शे?" करून अहिराणी सुरू व्हायची, आमच्याशी बोलताना ती थोडीफार आवरलेली असे. सगळ्या हवालदारांनी मोटारसायकली घेतल्या तरी हे सायकलवरच. हँडलला कापडी पिशवी. त्या पिशवीत जाताना कागद असत आणि येताना पुष्कळदा मेथीची जुडी. हे स्वच्छ सांगून टाकते, नाहीतर मी संताचं चरित्र लिहितेय असं वाटायचं. पैशाला ते हात लावत नसत, अर्जदाराच्या घरी चहासुद्धा घेत नसत. पण अहवाल रवाना झाल्यावर मळेकऱ्यानं भाजी दिली तर घेत. आधी दिली तर परत करत. "आधीची भाजी म्हणजे लाच, नंतरची म्हणजे माणुसकी," असं मी त्यांना एकदा चिडवलं होतं. ते गंभीरपणे म्हणाले, "बरोबर हाय."

पहिल्याच अहवालात मी नेहमीच्या सवयीनं टाइप केलं होतं, 'सदर इसमाविरुद्ध कोणताही गुन्हा दाखल नाही.' त्यांनी कागद परत दिला.

"ताई, 'नाही' नका टाकू. 'अभिलेखावर आढळून येत नाही' टाका."

"एकच ना ते?"

"एक कसं? मी रजिस्टर बघितलंय. माणसाचं आयुष्य नाय बघितलं."

पुढे हे वाक्य माझ्या बोटांना इतकं पाठ झालं की मुलाच्या शाळेत रजेचा अर्ज लिहितानाही एकदा 'ताप आढळून येत नाही' असं लिहून गेले.

चौकशीची त्यांची एक रीत होती. पद्धत अशी की आजूबाजूच्या दोघा शेजाऱ्यांचे जबाब घ्यायचे. देवरे ते घेत, सह्या घेत, पण त्यांच्यावर विश्वास ठेवत नसत. "शेजारी एक तर भांडलेला असतो, नाय तर जेवलेला. दोघांचं ऐकून काय कळणार?" खरी चौकशी ते पिठाच्या गिरणीवर आणि इस्त्रीवाल्याकडे करत. कोणाचं दळण अचानक थांबलं, कोणाच्या घरी तीन दिवस कपडे न्यायलाच कोणी आलं नाही, असल्या गोष्टी त्यांना तिथे समजत. एका पुरोहितांच्या मुलाचा परदेशी जाण्याचा पासपोर्ट होता, तेव्हा खालच्या मजल्यावरचे गृहस्थ त्याच्याविरुद्ध चार पानी तक्रार घेऊन थेट माझ्या दुकानात आले. देवऱ्यांनी ती चारही पानं उभ्यानं वाचली.

"भांडण कशाचं हाय?"

"पाण्याच्या टाकीचं."

"कोणाचं पाणी कोणी घेतलं?"

"वरच्यांनी आमचं."

"मग ते महानगरपालिकेत द्या. चारित्र्यात पाणी येत नाय," म्हणाले आणि पानं नीट लावून परत दिली.

माझा आवडता किस्सा लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याचा. मुलीसाठी आमच्या भागातला एक मुलगा सांगून आला होता. व्यापारी जीप घेऊन आला, ठाण्यात देवरे नाहीत म्हणून माझ्या दुकानात येऊन बसला. देवरे आल्यावर म्हणाला, "हवालदारसाहेब, पोराचं रेकॉर्ड काढून द्या. लागंल ते करू."

"कोणाचं रेकॉर्ड असं काढून देता येत नाय. त्यानं सोताच अर्ज करावा लागतो."

"त्याला कसं सांगू अर्ज कर म्हणून? सोयरीक मोडंल ना!"

देवऱ्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली. "शेठ, तुम्ही कांदा कसा घेता? पोतं बघून का?"

"नाय. ढिगात हात घालून, खालचा काढून बघतो."

"आन् मी नुसती पावती बघतो. माझ्याकडं गुन्हा असतो, स्वभाव नसतो. पोराला दोन दिवस लिलावात तुमच्यासंगं उभा करा. भाव पडला की कसा बोलतो ते ऐका. पोरगी द्यायची का नाय ते त्याच्यावरून ठरवा."

व्यापारी निघून गेला. पुढे काय झालं मला ठाऊक नाही. देवऱ्यांना विचारलं तर म्हणाले, "नोंद नाय."

अशी माणसं लांबून फार गोड वाटतात. मलाही वाटत. म्हणून पुढचं सांगायला हवं.

दर वर्षी गणपतीच्या आधी ठाण्याकडून वर एक यादी जाते. सणात भांडणतंटा होऊ नये म्हणून काही जणांना आधीच बोलावतात आणि नीट वागू असं बंधपत्र लिहून घेतात. याला प्रतिबंधक कारवाई म्हणतात. खरं तर ती दांडगाई करणाऱ्यांवर करायची. पण वरून आकडा मागतात, आणि तेवढे दांडगट प्रत्येक भागात सापडतातच असं नाही. नावाबरोबर बापाचं नाव, वय, पत्ता, सगळं लागतं. मग यादी करणारा हाताशी असेल त्या कागदावरून नावं उचलतो. हाताशी काय असतं? मंडळांनी मंडपाच्या परवानगीसाठी केलेले अर्ज. त्यात पदाधिकाऱ्यांची नावं, वयं, पत्ते अगदी रांगेत लिहिलेले असतात.

आमच्या कोपऱ्यावरच्या फुलांच्या दुकानातला रवींद्र तेव्हा विशीत होता. घरचा मखमलाबादकडे मळा, झेंडू आणि शेवंती. आई दुकानात बसे, हा आयटीआय करून येता-जाता माळा ओवायचा. कोणाच्या अध्यात ना मध्यात. अक्षर मात्र छापल्यासारखं, म्हणून मंडळानं त्याला चिटणीस केलं आणि परवानगीचा अर्ज त्याच्याकडून लिहून घेतला. त्या वर्षी त्याला आणि मंडळातल्या बाकीच्यांना ठाण्यात बोलावलं, सह्या घेतल्या, घरी सोडलं. पोरांना तो गणपतीच्याच कामाचा एक भाग वाटला. परत येताना सगळ्यांनी मिळून वडापाव खाल्ले.

पाच-सहा वर्षांनी रवींद्रची एका सरकारी खात्यात तंत्रज्ञ म्हणून निवड झाली. पडताळणीचा फॉर्म त्यानं माझ्या काउंटरवर उभं राहून भरला. 'आपणाविरुद्ध कधी कोणतीही पोलीस कारवाई झाली आहे काय?' या रकान्यात त्यानं त्या सुंदर अक्षरात 'नाही' लिहिलं. तो खोटं लिहीत नव्हता. त्याला आठवलंच नव्हतं, आणि आठवलं असतं तरी त्याला कारवाई म्हणतात हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

देवऱ्यांची मधे बदली होऊन ते पुन्हा त्याच टेबलावर आले होते. एका दुपारी ते अहवाल सांगायला आले. सदर इसम नमूद पत्त्यावर कुटुंबासह राहतो, वर्तणूक चांगली, इथपर्यंत माझी बोटं आपोआप चालली. पुढचं वाक्य ऐकून थांबली. सदर इसमाविरुद्ध प्रतिबंधक कारवाई झाल्याची नोंद अभिलेखावर आढळून येते.

"कोणाची नोंद? आपल्या रवींद्रची?"

"हो."

"त्यानं काय केलं?"

"काय नाय केलं. गणपतीची यादी हाय. मीच केली होती. अक्षर माझंच हाय."

"मग घरी जाऊन चौकशी नव्हती केली?"

"यादीला कोण घरी जातं, ताई? अर्जावरून उतरवली. त्याच्या मंडळाचा अर्ज लय नीट लिहिलेला होता, वाचायला सोपा. म्हणून पहिला तोच घेतला."

मी बरंच बोलले. म्हटलं, एक तर तुमचं लाडकं 'आढळून येत नाही' लिहा. नाहीतर आत्ता मला जे सांगितलंत ते सगळं लिहा, की नावं कशी आली. त्यांनी दोन्हीला नकारार्थी मान हलवली.

"आढळलंय, तर नाय कसं लिहू? आन् दुसरं नोंदीत नाय."

"तुम्हाला माहिती आहे ना?"

"मला माहिती असणं आन् ठाण्याला माहिती असणं, येगळ्या गोष्टी हायेत. मी तसं लिहिलं तर ती सगळीच यादी खोटी पडती. साहेबांची सही हाय तिच्यावर."

म्हणजे भीती होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्या चेहऱ्यावर ती दिसली. मी कागद फाडून त्यांच्या हातात द्यायला हवा होता. मी पुढचं वाक्य टाइप केलं, त्यांनी सही केली, कार्बन मागून घेतला. हे लिहिताना मला आजही स्वतःचा राग येतो.

दोन महिन्यांनी रवींद्रला पत्र आलं. माहिती दडवल्यामुळे निवड रद्द. तो पत्र घेऊन माझ्याकडे आला आणि विचारू लागला, "ताई, मी काय दडवलं?" माझ्याच्यानं गप्प राहवेना. मी सगळं सांगितलं. तो रस्ता ओलांडून ठाण्यात गेला आणि पाचेक मिनिटांत परत आला.

"काय म्हणाले देवरे?"

"मी विचारलं, मी काय केलं होतं? तर म्हणे, अर्ज लिहिला होतास."

नंतर तो कोपऱ्यावर आईच्या शेजारी जाऊन बसला आणि पुढची पाच वर्षं तिथेच बसला.

मी देवऱ्यांशी किती तरी दिवस कामापुरतंच बोलत होते. ते येत, कुजबुजत, मी टाइप करी. एक फरक पडला होता. चौकशीहून परतताना पिशवीत मेथी नसे. त्या काळात त्यांनी कोणाची भाजी घेतल्याचं मला दिसलं नाही. काही वर्षांनी ते निवृत्त झाले. ठाण्यानं शाल-नारळ दिला. मी गेले नाही.

माहितीचा अधिकार आला त्याच्या पुढच्या वर्षी एक दिवस ते साध्या सदऱ्यात दुकानात आले. तोपर्यंत माझ्याकडे कॉम्प्युटर होता. आता कुजबुजले नाहीत. हातानं लिहिलेला मसुदा पुढे ठेवला. ज्या टेबलावर ते इतकी वर्षं बसले त्याच टेबलाकडे त्यांनी अर्ज केला होता, अमुक वर्षीची गणेशोत्सवाची यादी आणि तिच्यासोबतचे कागद यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.

"कशाला आता?" मी विचारलं.

"त्याच्या वयाची अट यंदा संपती. मी जाहिरात बघितली. शेवटचा चान्स हाय त्याला."

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून ते अर्ज देऊन आले. ठाण्यातल्या मंडळींनी त्यांची पुष्कळ फिरकी घेतली. एकानं तर पेन्शन अडकेल म्हणून घाबरवलं. घरी बायकोही काळजीत पडली. देवरे रोज येऊन माझ्या बाकावर बसत आणि समोर बघत राहत. महिना उलटला, मग प्रती आल्या. यादी, आणि तिच्या मागे टाचणीनं लावलेला मंडळाचा अर्ज. दोन्हींत तीच नावं, त्याच क्रमानं. मंडळानं मानानं अध्यक्ष केलेले सत्तरीतले आजोबासुद्धा शांतताभंग करण्याची शक्यता असलेल्या इसमांत पहिल्या पानावर होते. मला हसू आलं. देवरे हसले नाहीत.

त्यांनी मला एक निवेदन सांगितलं. ही यादी मी केली, चौकशी न करता केली, या अर्जावरून केली, नमूद इसमाला मी तेव्हा पाहिलेलंही नव्हतं. खाली नाव, हुद्दा, निवृत्त. आढळून येतं वगैरे काही नाही. कागद घेऊन ते कोपऱ्यावर गेले. मी दारातून पाहत होते. रवींद्र झेंडूची माळ ओवत होता, त्यानं वर पाहिलं नाही, हनुवटीनंच फळी दाखवली. देवऱ्यांनी कागद तिथे ठेवले. मग फुलांवर पाणी मारलेलं आहे हे दिसल्यावर उचलून कोरड्या जागी ठेवले आणि परत आले.

रवींद्रनं अर्ज केला. या वेळी त्या रकान्यात 'होय' लिहिलं आणि ते सगळे कागद जोडले. निवड झाली, पडताळणी आली. नवा शिपाई, चोवीस-पंचवीसचा, मोटारसायकल लावून माझ्याकडे आला. "ताई, ह्या फुलवाल्याला ओळखता ना? एक जबाब द्या, सही लागते."

बाकावरून देवरे म्हणाले, "मला विचार."

त्यानं देवऱ्यांना ओळखलं नाही. "विचारतो की, आजोबा. सदर इसमास आपण किती वर्षांपासून ओळखता?"

"लिही. ज्या दिवशी त्याचं नाव यादीत घातलं, त्या दिवशी ओळखत नव्हतो."

शिपायाचं पेन थांबलं. "असं नाही लिहीत हो. दहा वर्षं, वर्तणूक चांगली, असं लिहितात."

"मला ठाऊक हाय कसं लिहितात. मी सांगतो तसं लिही."

शिपायानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लिहा." देवऱ्यांनी सगळं सावकाश सांगितलं, एकेका वाक्याला थांबून, त्याच्या पेनाच्या वेगानं. लिहून झाल्यावर वाचून घेतलं आणि सही केली. तो गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं.

नियुक्तीचं पत्र यायला बराच वेळ लागला. ज्या सकाळी आलं त्या सकाळी देवरे बाकावर होते. रवींद्र आत आला आणि पत्र माझ्या हातात देऊन म्हणाला, "तीन प्रती." मी यंत्र सुरू केलं. देवऱ्यांनी काही विचारलं नाही, त्यानंही त्यांच्याकडे पाहिलं नाही. पैसे देऊन त्यानं मूळ पत्र आणि दोन प्रती घेतल्या. तिसरी जाता जाता देवऱ्यांच्या मांडीवर ठेवली आणि कोपऱ्याकडे निघून गेला.

देवऱ्यांनी चष्मा लावला. जावक क्रमांकापासून खालच्या सहीपर्यंत सगळं पत्र वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं आणि सायकल माझ्या दुकानासमोरच लावलेली असताना पायीच एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागले. मी हाक मारली, ती त्यांना ऐकू गेली नाही. सायकल दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा येऊन घेऊन गेला. वडील कालच गावी गेले म्हणाला, आता तिथेच राहणार आहेत.